प्रश्न एक, भांडणं चार

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही अठ्ठावीस जण दर महिन्याला ऑनलाइन जमतो. एक ताजा विषय घेतो. एक जण बाजूने बोलतो, एक जण विरोधात, मग चर्चा सगळ्यांना खुली. एरवी छान चालतं. पण विषय वंशभेद, स्थलांतर किंवा निवडणुकीचा असला की वीस मिनिटांत आवाज चढतात. गेल्या वेळी ‘पोलिस वंशभेदी आहेत का?’ हा विषय होता. दोन जण मध्येच निघून गेले, ते परत आले नाहीत. आता निम्मे म्हणतात नियम कडक करा, निम्मे म्हणतात असले विषयच नकोत. काय करावं?"

अशा चर्चा चालवण्याचं काम मी एकोणीस वर्षं करतेय, आधी हौसेने आणि मग पैसे घेऊन. त्यातल्या बऱ्याच माझ्या हातून बिघडल्या. तुम्ही विचारताय की माणसांना आवरू की विषयांना. मला वाटतं, आवरायला हवी ती प्रश्नाची मांडणी. माणसं बिघडतात ती नंतर.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. आवाज चढला याची मला फारशी काळजी वाटत नाही. ज्याच्या घरादाराशी विषय भिडलाय तो थंडपणे का बोलेल? मी बघते ते दुसरंच. बोलणारा आधीच्या माणसाला उत्तर देतोय का? गेल्या बैठकीचं रेकॉर्डिंग असेल तर मधली दहा मिनिटं ऐका आणि प्रत्येक बोलणं कशाचं उत्तर आहे ते लिहून काढा. मी हे अनेकदा केलंय. बहुतेक वेळा कोणीच कोणाला उत्तर देत नसतं. तरीही प्रत्येकाला मनापासून वाटत असतं की समोरचा मुद्दा टाळतोय.

याचं कारण तुमच्या विषयातच आहे. ‘पोलिस वंशभेदी आहेत का?’ या चार शब्दांत चार वेगळे प्रश्न दाटीवाटीने बसलेत. प्रत्यक्षात घडतं काय? त्याला वंशभेद म्हणायचं का? ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना ते कसं लागतं? आणि मग करायचं काय? मी पैजेवर सांगते, त्या दिवशी एक जण आकडे वाचत होता, दुसरी आपल्या भावाला रस्त्यात कसं अडवलं ते सांगत होती, तिसऱ्याला आपल्या ओळखीतल्या सज्जन हवालदारावर आरोप होतोय असं वाटत होतं आणि चौथ्याला पोलिस खात्याच्या निधीवर बोलायचं होतं. चौघंही शहाणी माणसं. शिवाय कुठल्या देशातले पोलिस, हे तुमच्या विषयात नाहीच. म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा गणवेश.

ही विभागणी मी एकटीने शोधली असं वाटून मी काही वर्षं खूश होते. मग दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचा १९९८ चा अहवाल वाचनात आला. आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगाने सत्याचेच चार प्रकार मांडले होते: पुराव्याने सिद्ध होणारं, माणसाने स्वतःच्या तोंडून सांगितलेलं, सगळ्यांच्या बोलण्यातून हाती येणारं आणि जखम भरून यायला मदत करणारं. त्यांची चौकट माझ्या चौकटीशी तंतोतंत जुळत नाही, त्यांचं काम फार मोठं आणि फार अवघड होतं. पण छळ सोसलेली आई आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं. आपण तेच मोजायला जातो आणि मग आश्चर्य करतो.

पहिला प्रश्न, घडतं काय. हा सोपा वाटतो, म्हणून लोक तो घाईत उरकतात. अडवलेल्या वाहनचालकांत कृष्णवर्णीय जास्त आहेत असं कोणी म्हटलं की दुसरा विचारणार, कशाच्या तुलनेत जास्त? लोकसंख्येच्या? रस्त्यावरच्या गाड्यांच्या? नियम मोडणाऱ्यांच्या? हा प्रश्न रास्त आहे. तो विचारला म्हणून कोणी लगेच वंशवादी ठरत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी या अडचणीवर सुरेख तोड काढली. अंधारात चालकाचा वर्ण लांबून दिसत नाही. मग संध्याकाळची एक ठरावीक वेळ घ्यायची, समजा सात. वर्षातल्या काही महिन्यांत सातला उजेड असतो, काही महिन्यांत अंधार. घड्याळ तेच, रहदारीही साधारण तशीच, बदलतं ते फक्त दिसणं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने देशभरातून सुमारे ९.५ कोटी नोंदी जमवल्या, त्यांतल्या नोंदींना ही कसोटी लावली आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. अंधार पडल्यावर अडवलेल्यांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा कमी होत होता.

यावरून एखाद्या पोलिसाच्या मनात काय होतं ते कळत नाही, आणि दुसऱ्या देशाबद्दल तर काहीच सिद्ध होत नाही. पण हे दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं की खोलीतला सूर बदलतो हे मी पाहिलंय. लोक एकमेकांकडे बघायचं सोडून त्या युक्तीकडे बघायला लागतात. कोणीतरी तिच्यातली पळवाट शोधतो. मला ते आवडतं.

दुसरा प्रश्न शब्दाचा आहे, आणि माझ्या मते निम्मं भांडण इथलंच असतं. वंशभेद हेतूत असतो की परिणामात? लोकांना वाटतं हा शब्दच्छल आहे. मग मी त्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले दोन खटले सांगते. १९७१ मध्ये ड्यूक पॉवर या वीज कंपनीचा खटला होता. बऱ्या पगाराच्या कामांसाठी कंपनीने हायस्कूल पास असण्याची आणि काही चाचण्यांची अट ठेवली होती. अटीत वंशाचा उल्लेख नव्हता, पण तिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर राहत होते. न्यायालयाने एकमताने सांगितलं की हेतू वाईट नसला तरी, त्या कामासाठी गरज नसताना अशी अट घालणं नागरी हक्क कायद्यात बसत नाही. पुढे १९७६ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या पोलिस भरतीच्या लेखी चाचणीवरून वाद आला. तिथेही कृष्णवर्णीय उमेदवार जास्त प्रमाणात नापास होत होते. या वेळी दावा राज्यघटनेच्या आधाराने होता, आणि तेच न्यायालय म्हणालं की नुसता परिणाम पुरेसा नाही, हेतू दाखवा.

एकाच न्यायालयाला पाच वर्षांत दोन कसोट्या लागल्या. आपली अपेक्षा मात्र अशी की अठ्ठावीस माणसं एक शब्द उच्चारतील आणि सगळ्यांच्या मनात एकच अर्थ उमटेल.

‘वंश’ हा शब्दसुद्धा काही दगडावरची रेघ नाही. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच न्यायालयाने जपानमध्ये जन्मलेल्या ताकाओ ओझावांना नागरिकत्व नाकारलं. तेव्हाच्या कायद्यात ‘श्वेत’ माणसांना नागरिकत्व मिळे. ओझावांची त्वचा गोरी होती, पण न्यायालय म्हणालं, ‘श्वेत’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीन महिन्यांनी भारतात जन्मलेले भगतसिंग थिंद त्याच न्यायालयापुढे उभे राहिले. त्यांचं म्हणणं, मानववंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच आहे. तेव्हा न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवलं आणि सांगितलं, ‘श्वेत’ म्हणजे सामान्य माणूस ज्याला श्वेत समजतो तो. ही गोष्ट सांगितली की पहिल्यांदा हसू येतं, मग शांतता पसरते. त्या शांततेत चर्चा सुरू करायला बरं पडतं.

आपल्याकडे तर वर्णभेद, वंशभेद, वंशवाद असे तीन शब्द आहेत आणि आपण ते मनाला येईल तसे अदलून-बदलून वापरतो. मी सुरुवातीलाच सांगते की आजपुरतं वंशवाद म्हणजे एक वंश वरचा, दुसरा खालचा हा विचार, वंशभेद म्हणजे तशी वागणूक, आणि नुसत्या परिणामाबद्दल बोलायचं असेल तर शब्द न वापरता पूर्ण वाक्य बोला. हे कुठल्या कोशातलं नाही, माझ्या सोयीचं आहे. तुम्ही तुमचं ठरवा. त्यानंतर तीन छोटे प्रसंग वाचून दाखवते. एक अधिकारी जाणूनबुजून अडवतो. दुसरा अधिकारी जुना नियम पाळतो आणि फटका एकाच वस्तीला बसतो. तिसऱ्याला आपण कोणाला जास्त अडवतो हे स्वतःलाच माहीत नाही. यांतल्या कशाला तुम्ही वंशभेद म्हणाल? हात वर करा. पाच-सात मिनिटांत कळतं की जे एकमेकांना निर्दय किंवा भाबडे समजत होते, त्यांचं घटनेबद्दल दुमत नव्हतंच, नाव काय द्यायचं याबद्दल होतं. सगळ्यांचं असं होत नाही, पण बरेच जण या पायरीवर निवळतात.

तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः सपशेल चुकले आहे. बारा वर्षांपूर्वी एका संस्थेने कामाच्या ठिकाणच्या वंशभेदावर चर्चा ठेवली होती. वीस जणांत कृष्णवर्णीय बाई एकच. मी मोठ्या उदारपणाच्या आविर्भावात पहिली संधी त्यांना दिली: "तुम्हा लोकांचा अनुभव आधी ऐकूया." त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मी हिशेब विभागात आहे. पाच वर्षांच्या पगारवाढीचे आकडे घेऊन आले होते. अनुभवच ऐकायचा असेल तर तो माझा खासगी आहे." पुढचा तासभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आल्या होत्या आणि मी त्यांना परस्पर तिसऱ्या प्रश्नाच्या खुर्चीत बसवलं, तेही साऱ्या समूहाची प्रतिनिधी म्हणून. तेव्हापासून कोणाच्या दिसण्यावरून, नावावरून त्याच्याकडे काय असेल हे मी ठरवत नाही. चर्चेआधी प्रत्येकाला विचारते, तुम्हाला कशाबद्दल बोलायचंय आणि कशाबद्दल बोलायचं नाही.

अनुभवाचा दुसरा गैरवापर तुम्हाला जास्त ओळखीचा असेल. एक बाजू म्हणते, "तू भोगलं नाहीस, गप्प बस." दुसरी म्हणते, "तो तुझ्या एकटीचा अनुभव, त्याने काय सिद्ध होतं?" दोघंही दोन प्रश्नांची गाठ मारतायत. भावाला अडवल्याची गोष्ट ‘किती वेळा घडतं’ याचं उत्तर नाही, आणि कितीही मोठा तक्ता ‘ते कसं लागतं’ याचं उत्तर नाही. गोष्ट सांगणाऱ्याला आकडा विचारू नका. आकडा सांगणाऱ्याला निर्दय म्हणू नका.

गोष्टींनी काही घडतं का? घडतं, पण बेताचं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मायामीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल दहाएक मिनिटं बोलत. भाषण देत नसत. आपल्याला कोणी वेगळं म्हणून वाईट वागवलं होतं का, तो प्रसंग मतदाराला आठवायला सांगत. पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही दिसत होता. या दोघांवर माझा भरवसा जरा जास्त आहे, कारण अशाच प्रकारच्या एका गाजलेल्या शोधनिबंधातल्या आकड्यांवर त्यांनीच बोट ठेवलं होतं आणि तो २०१५ मध्ये मागे घेतला गेला. त्यांचा प्रयोग दोघांमधल्या बोलण्याचा आहे, अठ्ठावीस जणांच्या बैठकीचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

चौथ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे करायचं काय, फार सांगत नाही. तो शेवटी घ्या. पहिले तीन झाल्यावर तो आश्चर्य वाटावं इतका व्यवहारी होतो. आधी घेतलात तर बाकीचे तीन त्याच्या चाकरीला लागतात: ज्याला जो उपाय हवा, त्याला तसेच आकडे दिसायला लागतात.

आता तुमच्या बाजूने-विरोधात या रचनेकडे येते. ती तुमच्या कामाची नाही. १८ फेब्रुवारी १९६५ ला केंब्रिज युनियन या विद्यापीठातल्या वादविवाद मंडळात अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन आणि पुराणमतवादी लेखक-संपादक विल्यम बकली समोरासमोर आले. अमेरिकन स्वप्न हे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभं आहे का, असा ठराव होता. बाल्डविनची बाजू ५४४ विरुद्ध १६४ मतांनी जिंकली. वादविवाद म्हणून तो आजही पाहण्यासारखा आहे. पण बकलींचं मत बदलावं म्हणून बाल्डविन बोलत नव्हते. समोर सभागृह भरलं होतं, कौल ते देणार होतं. तुमच्याकडे सभागृह कुठे आहे? तुमचे श्रोतेच पुढच्या क्षणी वक्ते आहेत. पहिली दोन भाषणं झाली की उरलेले सव्वीस जण कुठल्या तरी तंबूत जाऊन बसतात.

संख्याही जास्त आहे. आयर्लंडने गर्भपाताच्या घटनात्मक बंदीचा प्रश्न २०१६ मध्ये नागरिक सभेपुढे ठेवला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले ९९ नागरिक आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लाफॉय. यापेक्षा स्फोटक विषय त्या देशात नव्हता. पण बोलणं होई ते छोट्या टेबलांवर, प्रत्येक टेबलाला एक संचालक. आधी तज्ज्ञांचं ऐकायचं, मग आपापसांत बोलायचं, असे पाच वीकेंड. त्यांच्या शिफारशींनंतर संसदेतून प्रश्न सार्वमताला गेला आणि मे २०१८ मध्ये ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिलं. निकाल तुम्हाला पटो न पटो, रचना बघा. तुमच्याकडे पाच वीकेंड नाहीत, पण पाच-सहा जणांचे पाच गट ऑनलाइनसुद्धा करता येतात.

इथवरचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. गटातले लोक एकमेकांना किती ओळखतात, कोणी कोणाचा साहेब आहे का, ज्यांच्याबद्दल बोलताय ते खोलीत आहेत का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. साहेब हजर असेल तर अनुभवाची फेरी ठेवूच नका. आणि घटना किती ताजी आहे हे तर फारच महत्त्वाचं. २९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. काही तासांतच हल्लेखोर होडीतून आलेला आश्रयार्थी आहे अशी अफवा पसरली, एक खोटं नावही फिरलं, दुसऱ्या दिवसापासून दंगली उसळल्या. पकडलेला तरुण कार्डिफमध्ये जन्मलेला होता. त्या रात्री कोणी चर्चा ठेवली असती तर ती कितीही सभ्यपणे चालली असती तरी खोट्या माहितीवर चालली असती. मी अशा घटनेनंतर निदान आठवडाभर थांबते. त्याआधी लोकांना जमायचंच असेल तर जमू द्यावं, दुःख बोलू द्यावं, पण त्याला चर्चा म्हणू नये.

नियमांचं म्हणाल तर मला दोनच पुरतात. विरोध करण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि तो "हो, हेच म्हणतोय" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. दुसरा, कोणाचं माणूसपण हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. या दुसऱ्या नियमाची सीमा मी अशी आखते: स्थलांतर किती असावं यावर हवं तेवढं भांडा, अगदी शून्य म्हणालात तरी चालेल. अमुक वंश जन्मजात हलका, हे मात्र ‘वेगळं मत’ म्हणून माझ्या बैठकीत येत नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं की माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच समूहाच्या आतले असतात. चर्चा चालवणाऱ्याने तटस्थ असावं, पण इथे तटस्थ राहिलं तर खोलीतल्या काही जणांना त्याची किंमत मोजावी लागते, बाकीच्यांना नाही.

आणि यश कशावर मोजायचं तेही आधीच ठरवा. मत बदललं का, हे विचारू नका. चुकीची माहिती दुरुस्त केली की माणूस उलट तिलाच घट्ट धरून बसतो, अशी एक समजूत २०१० च्या एका अभ्यासापासून फार पसरली. पुढे टॉमस वुड आणि इथन पोर्टर या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर बावन्न विषय तपासले, तर तसं जवळपास कुठेच दिसलं नाही. लोक दुरुस्ती बऱ्यापैकी स्वीकारतात. पण आकडा स्वीकारला म्हणजे पक्ष बदलला असं होत नाही, आणि का व्हावं? निवडणुकीवरच्या चर्चेनंतर कोणी "मत तिकडेच देणार, पण तो आकडा पुन्हा वापरणार नाही" म्हणालं, तर मी त्या दिवशी खूश असते.

विषय बंद करावेत का? गट जर बागकामासाठी किंवा बुद्धिबळासाठी असता तर मी निःसंकोच हो म्हटलं असतं. तुमचा गट ताज्या घडामोडींवर बोलण्यासाठीच आहे. त्यातून हे काढलंत तर उरेल काय?

पुढच्या बैठकीला तोच विषय पुन्हा घ्या, पण एका देशापुरता, आणि फक्त पहिले दोन प्रश्न. एका माणसाला आकडे समजावण्याचं काम आधी सांगून ठेवा, शक्यतो ज्याचा कल निष्कर्षाच्या उलट आहे अशाला. तिसरा प्रश्न त्याच्या पुढच्या महिन्यात, छोट्या गटांत, ज्यांना बोलायचंय त्यांच्यापुरता.

जे दोघं निघून गेले त्यांना चर्चा सुरू करण्यापूर्वी वेगवेगळा फोन करा. परत या म्हणू नका, माफीचं भाषणही करू नका. एवढंच विचारा: निघायच्या आधी तुम्ही शेवटचं वाक्य कोणतं ऐकलंत? ते वाक्य या चारांपैकी कुठल्या प्रश्नाचं होतं आणि ते स्वतः कुठल्या प्रश्नावर बोलत होते, ते लिहून ठेवा. जमलं तर मला कळवा, मलाही उत्सुकता आहे.